ओटीतलं माहेर

कुसगावच्या झुंबरबाई सुईणीला दोन मुलगे. पंचक्रोशीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली, पण तिच्या दारात माहेरवाशीण कधी आली नाही. याची तिला जन्माची रुखरुख.

अठ्ठेचाळीस साली लोणावळ्याजवळच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले. त्यांच्यासाठी वेगळा डॉक्टर नेमला होता. तो फक्त मंगळवारी यायचा. दुखणी जणू मंगळवारची वाट बघत बसतात! गावच्या दवाखान्यात औषध मात्र गावच्याच माणसांना. नियम करणाऱ्याच्या पोटात कधी कळ आली नसावी.

एका शुक्रवारी बराकीतल्या बायांनी झुंबरबाईला बोलावलं. विशीची एक पोरगी अडली होती. नाव पोपटी, पण कळांनी वाचा बसलेली. आई सिंधमध्येच वारलेली, नवरा कामाच्या शोधात कल्याणला. झुंबरबाईने पोटावर हात फिरवला. मूल आडवं होतं.

"ह्ये माज्या हातचं न्हाई. डाक्टरच पायजे," म्हणत तिने छकडा जुंपायला लावला.

दवाखान्याच्या पायरीवर महिपती कंपाउंडर आडवा आला. "बराकीतली ना? त्यांचा डॉक्टर मंगळवारी येतो."

"माजी लेक हाय ती. पयल्या बाळंतपणाला माहेरी आलीया."

सासर कुठलंही असो, बाळंतपणाला आलेली लेक गावचीच, हे कुणी नाकारत नसे. पण महिपती हसला. "तुला लेक कधी झाली, मावशी?"

झुंबरबाईने वाद घातला नाही. सकाळीच एका घरी मिळालेले तांदूळ-नारळ तिच्या पदरात होते. छकड्यात कण्हणाऱ्या पोपटीची ओढणी पसरून तिने सगळ्यांदेखत ओटी भरली आणि आपल्या कपाळाचं कुंकू तिला लावलं.

"आत्ता झाली," ती म्हणाली.

औषधाला आलेल्या बायका उठल्या. "वटी भरल्याली लेक दारातनं परत लावतोस व्हय रं?" त्यांच्यापुढे महिपतीचा काय पाड लागणार? तो बाजूला झाला. डॉक्टरांनी दुपारभर खटपट केली. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

झुंबरबाईच्या लेखी विषय तिथेच संपला. ओटी भरली होती ती वेळ निभावायला. पुढे बराकी रिकाम्या झाल्या, पोपटीही कल्याणला गेली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत झुंबरबाई अंगण सारवत होती. समोर पोपटी उभी, कडेवर पोर.

"आई, माहेरी आले," ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "दुसरं कुठं जाऊ?"

झुंबरबाई उठली. हात धुऊन तिने घरातून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणलं, मायलेकींवरून ओवाळून टाकलं.

"लय उशीर केलास," ती म्हणाली. "ये आत."