सोलापूरच्या दफनभूमीतील भिंतीकडची जागा

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे चित्र पडद्यावर दाखवले, औषधे बदलली आणि पुढच्या वर्षाविषयी बोलण्याचे शिताफीने टाळले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला न उच्चारलेले वाक्यही ऐकू येते. घरी आल्यावर मी मुलीला सांगितले, की उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मला सोलापूरला जायचे आहे.

"बाबा, या दिवसांत सोलापूर? तिथे ऊन बेचाळिसावर गेलंय," अनिता म्हणाली. "आणि ईस्टरच करायचा तर पुण्यात काय चर्च कमी आहेत? अठरा वर्षांत एकाची तरी पायरी चढलात का?"

"मला चर्च पाहायचे नाही. तुझ्या आईची कबर पाहायची आहे. आणि तिच्या शेजारी मला जागा मिळेल का, ते विचारायचे आहे."

अनिताने माझ्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा आणि टोपी ठेवली.

या सदरात मी आजवर घाट, किल्ले आणि लेणी यांविषयी लिहिले. हा प्रवास त्या जातीचा नाही. तरीही ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत होणारी भक्ती पाहण्याची इच्छा असणाऱ्या वाचकांना त्यातील व्यावहारिक तपशील उपयोगी पडतील, म्हणून ते गाळलेले नाहीत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सोलापुरातील एका शाळेत मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. माझी पत्नी सुलोचना अठरा वर्षांपूर्वी तेथेच वारली. ती रुग्णालयात असताना चर्चच्या मंडळीने तीन दिवस अखंड प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी ती गेली. कबरीपाशी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले, की देवाला तिची गरज होती. "मला अधिक होती," असे मी सर्वांदेखत उत्तरलो आणि दोन महिन्यांत शहर सोडले. कोणालाही पत्ता दिला नाही. जाण्यापूर्वी तिच्या कबरीवर शिळा बसवली. तिच्यावरील मजकूर माझाच होता आणि त्याची शेवटची ओळ होती : थांब, मी येईन.

स्वारगेटहून पहाटे साडेपाचची एस.टी. पकडली. सोलापूरला पोहोचण्यास सहा तास लागतात. उन्हाळ्यात याहून उशिराची गाडी घेऊ नये आणि डावीकडची खिडकी तर मुळीच घेऊ नये. वाहकाने आधार कार्ड पाहिले आणि यंत्रातून तिकीट काढून माझ्या हाती ठेवले. रकमेच्या जागी शून्य होते.

"मला पूर्ण तिकीट द्या," मी म्हणालो. "मला निवृत्तिवेतन मिळते."

"आजोबा, पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट हाय."

"ते मला ठाऊक आहे. परंतु मला फुकट नको."

"तुमाला नको असंल, पण मला घ्यायची परवानगी न्हाय की!" मागच्या बाकावरचे प्रवासी हसू लागले. "बसा निवांत. सरकार देतंय तर घ्यावं माणसानं. उगं भांडताय व्हय?"

मी बसलो. ते तिकीट रागाने घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले. भिगवणच्या पुढे धरणाचे पाणी खूप मागे गेलेले दिसले. जेथे एरवी पक्षी असतात तेथे भेगाळलेला चिखल होता. टेंभुर्णीला गाडी पंधरा मिनिटे थांबते. चहा बरा मिळतो. वडा घेऊ नये.

सोलापूर स्थानकाजवळ साध्या, स्वच्छ खोलीचे सातशे रुपये पडले. पिशवी ठेवून मी थेट चर्चमध्ये गेलो. मुलीला चर्च नको असे बजावले होते खरे, परंतु दफनभूमीची चौकशी करण्यास दुसरी जागा नव्हती. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. मी शेवटच्या बाकावर बसलो. पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. चौथ्या उद्गारावर, म्हणजे देवाने आपल्याला का टाकून दिले या प्रश्नावर, एक तरुण परिचारिका बोलली. तिचे भाषण विस्कळीत होते. परंतु एक वाक्य तिने फार सरळ उच्चारले. "त्यानं विचारलं आणि वरून उत्तर आलं नाही." पुढच्या वक्त्यांनी त्या शांततेवर बरेच शब्द पसरले. मी चौथ्याच उद्गारापाशी राहिलो. अठरा वर्षे तेथेच राहत आहे.

बाहेर येताच एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने माझा हात धरला.

"सर? तुमीच की! मी प्रकाश. नववीला दोन मार्कांनी पाडलं हुतं तुमी मला."

"दोन गुणांनी तू पडला होतास. मी पाडले नव्हते."

"बदलला न्हाईत, सर," तो खळखळून हसला. तो आता दफनभूमी समितीचा सचिव आहे असे कळले. मी सुलोचनेच्या कबरीविषयी विचारले आणि त्याचे हसणे थांबले. "उद्या दहाला मी येतो तितं. माज्यासंगंच चला, सर. एकटं जाऊ नका."

मी एकटाच गेलो. शनिवारी सकाळी भवानी पेठेतील एका दुकानातून चुना, थोडी नीळ आणि कुंचा घेतला. तिन्ही मिळून दीडशे रुपये. ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरी रंगवण्याची येथे रीत आहे. चुन्यात चिमूटभर नीळ घातली, की पांढरा रंग पिवळट दिसत नाही. दफनभूमीत सात वाजताच गर्दी होती. बादल्या, झाडू, मुलांचा आरडाओरडा आणि कोणाच्या तरी डब्यातील शेंगाचटणीचा वास. कडुनिंबापासून चौथी ओळ, भिंतीच्या अलीकडची कबर; मला ती डोळे मिटूनही सापडली असती.

ती सापडली. दोन स्त्रिया तिला चुना लावत होत्या. वरच्या लाकडी क्रुसावर नाव होते : येसुरत्नम.

"ही माझ्या पत्नीची कबर आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

वयस्कर स्त्रीने कुंचा बादलीत ठेवला. तिने सोबतच्या सुनेकडे पाहून तेलुगूत काही विचारले आणि मग माझ्याकडे वळली. "हे माजे मालक हायेत. यंत्रमागावर हुते. करोनात गेले. तुमी कोन?"

मी पुन्हा तेच वाक्य उच्चारले. मला दुसरे वाक्य सुचत नव्हते.

शास्त्रातील त्या स्त्रिया पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन येशूच्या कबरीकडे गेल्या आणि त्यांना ती रिकामी सापडली. मी चुना घेऊन गेलो आणि मला ती भरलेली सापडली. एवढे वाक्य माझ्या मनात पूर्ण झाले आणि मी शेजारच्या ओट्यावर खाली बसलो. सुनेने, तिचे नाव करुणा, मला पाणी दिले.

"राग धरू नका," ती म्हणाली. "तेव्हा रोज माणसं दफनाला येत होती. जागाच नव्हती कुटं. ज्या कबरीला खूप वर्षं कुणी आलं नव्हतं, ती समितीनं उघडायला सांगितली."

खूप वर्षे कुणी आले नव्हते. हे वाक्य निर्दोष होते आणि त्यातील न आलेला माणूस मी होतो. ज्यांच्यावर रागवावे असे कोणीही तेथे नव्हते. मी कोणाला पत्ताच दिला नव्हता.

"आणि ती?" मी विचारले. इतक्या वर्षांत प्रथमच माझे वाक्य अपुरे राहिले.

म्हाताऱ्या बाईला, राजम्माला, ते अपुरे वाटले नाही. "हाडं हुती, जरा. आमाला आत सोडत नव्हते. माज्या मोठ्या ल्योकाला सोडलं, त्या प्लास्टिकच्या कपड्यात. मी त्याला नवीन लुगडं दिलं. म्हनलं, बाईमानूस असंल तर उघडं ठिवू नको. त्यात बांधून भिंतीकडं ठिवलं तिला." तिने भिंत आणि कबर यांच्यामधील अरुंद पट्टीकडे बोट दाखवले. "हितं हाय ती."

त्या पट्टीच्या डोक्याशी मी बसवलेल्या शिळेचा अर्धा तुकडा उभा होता. त्यालाही चुना लावलेला होता. फक्त अक्षरे कोरडी ठेवली होती. नावाचा वरचा भाग फुटून राडारोड्यात गेला होता. उरली होती ती शेवटची ओळ.

"सुनेनं वाचून दावलं. कुनीतरी येनार असं लिवलंय. म्हनून टाकला न्हाई," राजम्मा म्हणाली. "दर ईस्टरला दोन मेनबत्त्या लावतो. एक ह्यांची, एक अक्काची. नाव ठावं न्हाई म्हनून अक्का म्हनते." मग तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "लई उशीर केला की हो तुमी."

दहाला प्रकाश आला. त्याने मला तेथे बसलेले पाहिले आणि कपाळाला हात लावला. "सर, म्हनलं हुतं न्हवं मी?" नंतर त्याने नियम सांगितला. कबरीचा हक्क शेवटचे दफन करणाऱ्या घराचा. भिंतीकडची पट्टीसुद्धा राजम्माने स्वतःसाठी मागून घेतलेली. कागदावर तशी नोंद आहे. त्या पट्टीखेरीज दफनभूमीत नवी जागा उरलेली नाही.

"म्हणजे मला येथे जागा नाही," मी म्हणालो.

"न्हाई, सर." त्याने मान खाली घातली. नववीच्या निकालाच्या दिवशी मी त्याला हाच एक शब्द ऐकवला असेल.

मी उठलो. चुन्याची पिशवी करुणेला दिली. जाण्याआधी पत्नीचे नाव सांगितले. राजम्माने ते दोनदा उच्चारून पाहिले आणि मला थांबवले.

"तुमी घ्या की ती जागा."

"ती तुमची आहे."

"मी ह्यांच्यावर जाईन. कबर परत उघडायला धा-बारा वर्सं लागतात, व्हय ना रे प्रकाश? मला घाई न्हाई." ती हसली; तिला पुढचे दात नव्हते. "तुमाला दिसतीय घाई."

"अम्मा!" करुणा ओरडली.

"मी हे घेऊ शकत नाही," मी म्हणालो. "मी तुमच्यासाठी काहीही केलेले नाही. तुमच्या देवासाठी तर नाहीच."

"कुनी इचारलंय?" राजम्मा म्हणाली आणि कुंचा उचलून कामाला लागली.

रविवारी पहाटे साडेचारला दफनभूमीच्या फाटकापर्यंत रिक्षा मिळते. परतीची मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवावी. शेकडो मेणबत्त्या होत्या. पांढऱ्या कबरींमधून माणसे हळू चालत होती आणि भिंतीपलीकडील एका कारखान्यात माग चालू होते. त्यांचा खडखडाट गीतांच्या खाली सतत ऐकू येत होता. कोण्या वाचकाला हे दृश्य सुंदर वाटेल. ते सुंदर आहेच. चर्चच्या पाळकसाहेबांनी पूर्वेकडे तोंड करून घोषणा केली : ख्रिस्त उठला आहे! सर्वांनी उत्तर दिले, की तो खरोखर उठला आहे. राजम्माने मोठ्याने दिले. प्रकाशने दिले. मी ओठ उघडले. आवाज आला नाही. समोर लुगड्यात बांधलेली माझी पत्नी होती आणि ती उठलेली नव्हती. तिला मी अठरा वर्षे थांबवून ठेवले होते आणि एका अनोळखी विणकर घराने तिला पांघरूण घातले होते.

राजम्माने दुसरी मेणबत्ती माझ्या हातात दिली. "सुलोचनाक्काची," ती म्हणाली. मी ती लावली. वाऱ्याने दोनदा विझली. तिसऱ्यांदा तिने आपल्या पदराचा आडोसा धरला.

निघताना प्रकाशने माझ्या हाती एक अर्ज दिला. जागा देणारीचा अंगठा खाली उमटलेला होता. घेणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी होती. सोबत करुणेने कडक भाकरी आणि धपाटे बांधून दिले. भाकरी आठवडाभर टिकते. परतीच्या वाहकाने शून्याचे तिकीट दिले तेव्हा मी वाद घातला नाही; अंगात त्राण नव्हते.

पुण्यात येऊन आता तीन आठवडे झाले. अर्जाचा मसुदा मला सदोष वाटला, म्हणून तो चार वेळा पुन्हा लिहिला. पाचव्यांदा लेखणी उचलली तेव्हा अनिता म्हणाली, "बाबा, कागदात चूक राहिलेली नाही. तुम्ही सही टाळताय." ते खरे होते. दिलेल्या वस्तूचे मोल चुकवण्याची मला जन्मभर सवय. या वस्तूचे मोल कशाने चुकवावे ते मला कळत नव्हते. शेवटी राजम्माला दूरध्वनी करून विचारले, की तिच्यासाठी मी काय करू शकतो.

"मराया लागल्यावर या," ती म्हणाली. मागे माग चालू होता. "त्याच्या आधी येऊ नका. ऊन लई हाय."

येथे काही वाचक माझ्याकडून अपेक्षा करतील, की त्या रिकाम्या कबरीसारखा माझाही दगड लोटला गेल्याचे मी कळवावे. ते मला खरेपणाने कळवता येत नाही. पहाटेच्या त्या घोषणेला माझ्यापाशी अजूनही उत्तर नाही. चौथ्या उद्गारापाशी मी आजही उभा आहे आणि वरून काही ऐकू आलेले नाही. घड्याळाच्या पट्ट्यावर चुन्याचा एक थेंब वाळलेला आहे. तो मी पुसलेला नाही.

प्रकाशच्या हातचा मूळ कागद, राजम्माचा अंगठा होता तोच, मी आज सकाळी बाहेर काढला, त्यावर सही केली आणि टपालात टाकला. दगडावरची ओळ माझी आहे. ती आता खोटी ठरणार नाही. त्या ओळीपलीकडील, पुन्हा उठण्याच्या सकाळविषयी मला काहीही ठाऊक नाही.