मॅडमच्या डब्यातलं कल्चर

एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांनी, इनक्युबेटर उघडला आणि आमच्या विभागप्रमुख सानप मॅडमचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. आत, जंतूंच्या पेट्री डिशांना खेटून, स्टीलचा डबा.

इनक्युबेटर म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट. आणि नाशिकची थंडी अशी, की तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानात पोचेस्तोवर गोठतो. अशात घरी दही कसलं लागतंय? मॅडम दूध विरजून लॅबमध्ये आणत. 'लॅबमध्ये खाण्याची वस्तू आणू नये' हा नियम पहिल्या तासाला शिकवणाऱ्याही त्याच. शिस्तीच्या पक्क्या, म्हणून डब्यावर लेबल होतं: 'कल्चर', म्हणजे मुद्दाम वाढवलेले जंतू.

"हे काय?"

"कल्चर आहे, सर." खोटं एक अक्षर नाही.

"वा! मग हेच द्या हिला."

ही म्हणजे सायखेड्याची अश्विनी, माझी विद्यार्थिनी. हे प्रॅक्टिकल हुकलं तर तिचं वर्ष जाणार होतं. करायचं होतं ग्रॅम स्टेनिंग. काचेवर जंतू पसरायचे, जांभळा रंग द्यायचा, आयोडीन घालायचं, अल्कोहोलनं धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. जे जंतू जांभळा सोडत नाहीत ते ग्रॅम पॉझिटिव्ह. बाकीचे गुलाबी. सगळी गोम अल्कोहोल कधी थांबवायचं यात. आणि अश्विनी काच अशी धुवायची, जणू लग्नाच्या पंगतीतलं पातेलं. वर्षभरात तिच्या काचेवर एक जंतू जांभळा राहिला असेल तर शपथ.

तिनं डबा उघडला, हुंगला आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, "सर, हे तर दही हाय!"

"परीक्षेत मला बोलता येत नाही," मी बोललो.

जांभळा झाला. आयोडीन झालं. तिनं अल्कोहोल उचललं. मॅडमचा श्वास थांबला, माझा थांबला, कपाटातल्या जंतूंनीसुद्धा वाढायचं थांबवलं. चार थेंब पडले आणि बाटली खाली.

"बस्स," ती स्वतःशीच म्हणाली. "लय ओतलं तर ताक व्हईल."

मग गुलाबी रंग देऊन तिनं काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. सरांनी डोळा लावला. जांभळ्या काड्या, जांभळ्या मण्यांच्या माळा. रंग असा, की पैठणीनं लाजावं!

"कोणते?"

"ग्रॅम पॉझिटिव्ह, सर. दह्यातले."

"दह्यातले कशावरून?"

अश्विनीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पंख्याकडे.

"वासावरून, सर. आमच्याकडं म्हशी हायेत."

सरांनी मार्क टाकले. अश्विनी पास. निघताना ते मॅडमना हळूच म्हणाले, "कल्चर फार घट्ट लागलंय हो. थोडं विरजण मिळेल?"

विभागानं धडा घेतला. इनक्युबेटरमध्ये घरचं दही ठेवायला आता सक्त मनाई आहे. ठेवायचंच झालं तर दोन डबे ठेवावेत. एक कढीला, एक परीक्षेला.