फक्त ऐकायचं

हे मी घरात कधी बोललो नाही, बाहेर तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मानवतला आमचं एक चर्चा मंडळ होतं. कापडाच्या दुकानामागची खोली, दर सोमवारी संध्याकाळी जमणारे मास्तर आणि व्यापारी, अन् अध्यक्ष मी. दारावर पाटी — ‘कोणीही यावे, मोकळेपणाने बोलावे’. मीच रंगवून घेतली होती. लय मिरवायचो त्या पाटीवरून.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता तेव्हाची गोष्ट. दामोदर एसटीत कंडक्टर, नवीनच बदलून आलेला. मी पालमला सासुरवाडीला जाताना त्याची गाडी लागायची. एकदा गाडीत त्यानं सांगितलं — त्याच्या बहिणीचं घर गावानं जाळलं होतं. तान्ह्या लेकराला पोटाशी धरून ती रात्रभर ज्वारीत बसून राहिली. मीच म्हणालो, मंडळात या, हे लोकांना सांगा.

तो आला. ड्युटीवरून थेट, खाकी कपड्यातच. आणि विषय नेमका तोच निघाला. खोलीचे मालक शेठजी म्हणाले, “कुठं काय झालंय? पेपरवाले तिखटमीठ लावून लिवायलेत.” सगळ्यांनी माना हलवल्या. दामोदरनं हात वर केला — आणि माझ्याकडं बघितलं.

आता काय सांगू? तसा नियम नव्हताच. तो मी बसल्या जागी केला. “नवीन सभासदानं दिवाळीपर्यंत फक्त ऐकायचं. शिस्त म्हणून.” शिस्त म्हणे! नव्या माणसाला थोडा आवर नको का, हे पुढं मी कितीदा पटवलं — इतरांना, स्वतःला. खरं सांगू? शेठजी खोली काढून घेतील, माझी खुर्ची जाईल, ही भीती होती. दुसरं काही नाही.

दामोदरनं हात खाली घेतला. तरी यायचा — दर सोमवारी, दाराजवळ बसायचा. मधे शेठजींचा भाचा सभासद झाला. पहिल्याच दिवशी तासभर बोलला. मी त्याला अडवलं का? उलट चहा मागवला. दामोदर बघत होता.

दिवाळी झाली. त्यानं पुन्हा हात वर केला. मी म्हणालो, “तो विषय आता शिळा झाला.”

तो उठला. चपला घालता घालता म्हणाला, “सर, तुमी सांगितलं तसं केलं. समदं ऐकलं मी.” आवाज चढलेला नव्हता. परत आला नाही. पालमला जाताना त्याची गाडी दिसली की मी ती सोडायचो, मागची धरायचो.

एका सोमवारी कुणीतरी विचारलंच — तो कंडक्टर का येईना आता?

“त्याला काही बोलायचंच नसायचं,” मी म्हणालो, आणि पुढचा विषय घेतला.