दोन पॉइंट आठ ओहम

बुधवार पेठेत माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. गाडीतले सबवूफरच जास्त येतात. लोक जोरात वाजवतात, आतली तांब्याची कॉइल जळते. नवी कॉइल बायको घरी गुंडाळायची. मी चौथी नापास, ती तेवढीही नाही. पण तार चिमटीत धरून तिच्या जाडीचा नंबर सांगायची. तिच्या कॉइलला मी कधी मीटर लावला नाही.

ती गेल्यावर महिन्याभराने दुकान उघडलं. घरी बसून काय करणार. खराडीकडचा एक गाडीवाला आला. चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, सबवूफर जळलेला.

"काका, आवाज नाय पायजे. शीट हालली पायजे."

"मग रिक्षात बसा," मी म्हणालो.

डब्यात तिची एकच कॉइल उरली होती. ती बसवली. दुसऱ्या दिवशी सबवूफर गाडीत जोडला. दहा मिनिटांत अँप्लिफायर तापून बंद पडला. गार केला, लावला, परत बंद.

अँप चार ओहमचा. तशा कॉइलवर मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो. त्याहून बरंच कमी असलं की कॉइल जास्त करंट ओढते, अँप तापतो. मीटर लावला. दोन पॉइंट आठ. पुन्हा लावला, तेवढंच. तिने तार एका नंबराने जाड घेतली होती.

ही कॉइल गुंडाळताना ती म्हणाली होती, "अहो, बोटांना तार कळेना झालीय. बधिर झालीत."

मी म्हणालो, "चष्मा पूस."

आठ दिवसांनी ती स्वयंपाकघरात पडली. डोक्यात गुठळी. डॉक्टरांनी विचारलं, आधी हातापायाला काही झालं होतं का. मी म्हणालो, काही बोलली नाही. मुलीलाही तेच सांगितलं. मुलगी आईवर चिडली, दुखणं अंगावर काढलं म्हणून. मी तिला चिडू दिलं.

गाडीवाला म्हणाला, "काका, कॉइल खराब हाय. फाडा अन् दुसरी टाका."

"कॉइल राहील. अँप बदलायचा."

"आवो, नवा हाय की!"

"असू दे नवा. हिला चालत नाही."

फळीवर दोन ओहमला चालणारा एक अँप होता. तो जोडला, त्याचा ठेवून घेतला. अर्धा तास वाजवून हात लावून पाहिला. कोमट.

"हालली शीट," म्हणाला आणि गेला.

दुकानातूनच मुलीला फोन लावला.

"जेवलात का, बाबा?"

"आईने सांगितलं होतं. बोटं बधिर झालीत म्हणून. मी डॉक्टरांशी खोटं बोललो. तुझ्याशीही."

तिने फोन ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

"मी आईला किती बोलले, बाबा."

"हो," मी म्हणालो.