कापलेलं जाळं

पूर्णगडच्या खाडीपुलाजवळ मी रोज सकाळी एसटीची वाट बघत असे. खाली कांदळवनाच्या कडेला एक बाई जाळं लावायची. गुडघाभर चिखलातून ती इतकी सावकाश चालायची, की शेजारचा बगळाही उडत नसे. आमची ओळख अशी नव्हतीच.

एकदा ओहोटीच्या वेळी तिने खालून हाक मारली, "दादा, जरा खाली येता काय?"

तिच्या नव्या जाळ्यात पाणमांजर गुरफटलं होतं आणि धडपडून दमलं होतं. तिने त्याच्या तोंडावर टॉवेल टाकला, जाळ्याचं टोक माझ्याकडे दिलं आणि कोयतीने दोरे कापायला घेतले.

"नवं जाळं आहे, हळूहळू सोडवू या," मी म्हणालो.

"तवर हिची पोरां उपाशी ऱ्हातील. थानां भरलीत बघा."

शेवटचा दोरा तुटताच पाणमांजर तिवरांच्या मुळांत शिरलं. आतून पिल्लांचे बारीक आवाज आले. ते शांत होईपर्यंत ती ऐकत उभी राहिली.

"चावली असती तर?" मी विचारलं.

"चावली तवाच," ती म्हणाली. चिखलाने माखलेला हात तिने पाण्यात धुतला, तेव्हा मला रक्त दिसलं.