आत्या उंबऱ्याबाहेर का आली

माझ्या आत्याला वावटळ लागली नव्हती.

आज पहाटे ती गेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात प्राण सोडला. दुपारी गावी आणलं तेव्हा मागं दोन बायका कुजबुजल्या, "हीच ती, वावटळ लागलेली."

म्हणून ही पोस्ट.

ती वावटळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुसरीत होते मी.

घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात आत्याचं लग्न होतं. वैशाखाचं ऊन. हळद लागली होती. आमच्याकडं हळद लागली की नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, बाहेरचं लागतं म्हणतात. आणि वावटळीत तर भूतच फिरतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

अंगणात बाजेवर रुखवताच्या कुरडया वाळत होत्या. कोंबड्या हाकलायला मी बसले होते.

तेवढ्यात शेताकडून धुराळ्याचा खांब आला.

नेहमीची वावटळ पाचोळा उडवते. ही गोठ्याचे पत्रे उडवत आली. मांडवाचं कापड, कडब्याच्या पेंढ्या, कुणाचं तरी धोतर, सगळं वर गरगर फिरत होतं. आवाज पिठाच्या गिरणीसारखा.

माणसं घरात पळाली. मी बाज सोडेना. कुरडया उडाल्या तर आई मारील, एवढंच डोक्यात.

दारातून पिवळं काहीतरी धावत आलं.

आत्या.

तिनं मला काखेत उचललं आणि आत नेलं. मागं वळून पाहिलं तर पत्रा बाजेवर पडलेला. बाज मधोमध मोडलेली.

"कुरडया राहिल्या," मी रडत म्हणाले.

"राहू दे बये. रुखवतात तुलाच मांडते," आत्या म्हणाली. धापा टाकत हसत होती.

धुराळ्यात मी कुणाला दिसलेच नव्हते, दिसली ती फक्त हळदीची नवरी. संध्याकाळपर्यंत परळीला, नवरदेवाच्या घरी, बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी त्याचे चुलते आले. चहाला शिवले नाहीत.

"हळदीची पोरगी वावटळीत गेलीच काहून? आमाला न्हाई जमायचं."

बाबांनी सांगायला हवं होतं, माझ्या लेकरासाठी गेली म्हणून. बाबा खाली बघत राहिले.

मी दाराआड आत्याला चिकटून उभी होते. मी तोंड उघडलं, तर आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हळदीचा वास अजून येतो.

लग्न मोडलं.

बाबा का गप्प बसले ते आईनं फार वर्षांनी सांगितलं. "तुझं नाव घेतलं असतं तर लोक म्हणले असते, वावटळीत ही पोरगीबी होती. मग तुला कोण करून घेतंय? आत्यानंच बजावलं तुझ्या बाबाला, पोरीचं नाव काढाल तर माझी शपथ हाय."

आत्याला पुढं स्थळच जमलं नाही. पाहुणे येण्याआधी त्यांच्या कानावर वावटळ जायची.

माझं लग्न मात्र वेळेवर झालं. माझ्या हळदीला आत्या आपणहून चुलीपाशी जाऊन बसली. कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

एकदा धीर करून विचारलं, "आत्या, राग येत नाही का गं?"

"कुणाचा? वाऱ्याचा?" म्हणाली. "तू लई जड होतीस, तेवढं ध्यानात हाय."

बाबा गेले. मग आई गेली. खरं माहीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो. दर श्रावणात परळीला वैद्यनाथापुढं हात जोडायचे, देवा, चार लोकांत सांगायची बुद्धी दे. बुद्धी आली ती आज. ऐकायला ती नाही.

हार-फुलं जास्त आणू दिली नाहीत. वाया गेलेलं तिला चालायचं नाही. अंघोळ घालताना हळद मात्र हात न आखडता लावली. घरी दळलेली. हाताला, पायाला, गालाला.

एक काकू म्हणाल्या, "बिनलग्नाच्या बाईला एवढी हळद?"

"तिची अर्धी राहिली होती," मी म्हणाले.

हळदीच्या अंगानं आत्या आज पुन्हा उंबरा ओलांडून गेली. बाहेर झाडाचं पान हालत नव्हतं.

गावातल्या सगळ्यांना, पाहुण्यांना, आणि परळीच्या त्या घरातलं कुणी वाचत असेल तर त्यांनाही सांगते. ती माझ्यासाठी बाहेर आली होती.

सावकाश जा, आत्या. वैद्यनाथ तुला जवळ घेवो.

तुझी जड भाची