चार भोकांचं ऑपरेशन

गावाकडं, निघोज्यात, कुणी विचारलं, "ज्ञानेश, तू कंपनीत करतोस काय रं नेमकं?" तर तो सांगायचा, "मणक्यात स्क्रू बसवायची हत्यारं बनवतो." विचारणारा मान डोलवायचा आणि पुढच्या रविवारी घरचा बंद पडलेला मिक्सर घेऊन हजर व्हायचा.

वीस वर्षं तो चिखलीच्या एका शेडात टूलरूमला आहे. शिक्षण आयटीआयचं. डिग्रीवाले साहेब कॉम्प्युटरवर हत्यार काढतात आणि ते हातात कसं बसणार हे विचारायला ह्याच्या टेबलाशी येतात. पूर्वी मणक्याचं ऑपरेशन म्हणजे पाठ वीतभर उभी उघडायची, मांस दोन्हीकडं ओढून धरायचं आणि मग आत काम. आता नवी तऱ्हा आली होती. चार बारकी भोकं पाडायची, त्यातून चार स्क्रू बसवायचे, आणि दोन-दोन स्क्रू जोडणारी सळई कातडीखालून त्यांच्या डोक्यातनं सरकवायची. न बघता. सळई आत जायची, पण स्क्रूचं डोकं काही तिला सापडायचं नाही, आणि साहेब लोकांची गाडी तिथंच अडून बसली होती.

ज्ञानेशला वाट सापडली ती घरी. बायको, वर्षाली, परकरात नाडी ओवत बसली होती. पुढं पिन लावलेली, वरनं बोटानं चाचपत नेफ्यातनं पुढं ढकलत होती.

"पिन तर दिसत न्हाई. मग कळतं कसं?"

"बोटाला कळतं. तुमाला जन्मात कदी नाडी ओवायला लागली असती तर तुमालाबी कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सळईचं टोक निमुळतं केलं आणि मुठीवर एक खाच पाडली. सळईचं तोंड कुठं वळलंय ते अंगठ्याला आपोआप कळावं म्हणून. मग दोन वर्षं घासून घासून सोळा मिलिमीटरचं भोक बारावर आणलं. कंपनीच्या माहितीपत्रकात हत्याराचा रंगीत फोटो आला. ज्ञानेशचं नाव आलं नाही, पण नेफ्याचंही आलं नाही, म्हणून त्यानं मनाला लावून घेतलं नाही.

अशात निघोज्याला त्याच्या वहिनीचा, सोजरबाईचा, मणका सरकला. थोरला भाऊ यशवंतराव गावचा जुना खातेदार. आता खोल्या भाड्यानं दिलेल्या आणि दारात चाकणच्या कामगारांसाठी मेस. मेसवर नाव यशवंतरावाचं, कंबर सोजरबाईची. दोन वेळा चाळीस-चाळीस डबे. ज्ञानेशनं डॉक्टरच्या मागं लागून आपल्याच हत्यारानं ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या दिवशी वहिनी चालली, पाचव्या दिवशी घरी आली. डॉक्टरनं सांगितलं, तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, पीठ मळायचं नाही.

बघायला बाया आल्या. शेजारच्या छबूबाईचं असंच ऑपरेशन पाच वर्षांमागं झालेलं, जुन्या पद्धतीचं. वीतभर व्रण, आणि त्या व्रणाच्या जोरावर तिनं सुनांकडून सहा महिने सेवा करून घेतलेली. तिनं सोजरबाईची पाठ न्याहाळली.

"एवढंच? ह्याला आमच्यात गळू फोडलं म्हणत्यात."

यशवंतरावानंही तेच धरलं. "चार डास चावल्यागत दिसतंय. आन् दवाखान्यातनं आपल्या पायानं चालत आली की ती." बाराव्या दिवशी त्यानं परात तिच्यापुढं सरकवली. "बसून तर मळायचंय."

ज्ञानेश भेटायला गेला तर वहिनीच्या कोपरापर्यंत पीठ.

"भावजी, एक इचारू? वाईच मोठं भोक पाडलं असतं, तर तुमच्या कंपनीचं काय जात हुतं?"

ज्ञानेशला पुढचं माहीत होतं. हाड जुळायच्या आधी भार पडला की स्क्रू ढिले होतात. असे ढिले होऊन निघालेले स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत शेडात तपासायला यायचे. त्यानं ते हातात घेतले होते. मग दुसरं ऑपरेशन, आणि ते मात्र खरंच वीतभराचं.

त्यानं भावापुढं एक्स-रे धरला. "दादा, बघ. हाडात केवढं घुसलंय. हे बारकं काम हाय का?"

यशवंतरावानं एक्स-रे उजेडात फिरवून फिरवून बघितला. चेहरा खुलला.

"हे समदं लोखंड?"

"टायटॅनियम."

"म्हंजी लोखंडापरीस भारी. मग तर कंबर पैल्यापरीस पक्की झाली म्हण की." आणि त्यानं आत आवाज दिला, "अगं, तो सिलेंडर जरा हिकडं सरकव."

सिलेंडर ज्ञानेशनं सरकवला.

दोन दिवसांनी टाके काढायला तो वहिनीला दवाखान्यात घेऊन गेला. परतताना गाडी निघोज्याऐवजी आपल्या चिखलीच्या फ्लॅटवर आणली, आणि दादाला फोनवर 'डॉक्टरनं ठेवून घेतलंय' एवढंच कळवून वहिनीला तिथंच ठेवलं. चौथ्या दिवशी मेडिकलातनं कापसाची गादी, चिकटपट्टी आणि तांबड्या औषधाची बाटली घेतली. वर्षाली जावेला घेऊन आतल्या खोलीत गेली, हा दाराबाहेर उभा.

"किती लांब करू?" आतनं वर्षाली.

"वीतभर."

"कुणाची वीत?"

"दादाची. मोजणार त्योच."

"अजून वाईच खाली घे गं," सोजरबाई म्हणाली. "रोज रोज का करायचंय हे? आन् औषध पसरू दे चांगलं."

बारा मिलिमीटरसाठी दोन वर्षं झिजलेल्या माणसानं बाहेरून माप सांगितलं, "पंचवीस सेंटिमीटर कर."

निघोज्यात यशवंतरावानं ती पट्टी बघितली आणि खाटेवर टेकला.

"हे काय झालं?"

"परत उघडायला लागलं," ज्ञानेश म्हणाला.

"का? तुझं हत्यार चाललं न्हाई?"

ज्ञानेशनं पट्टीकडं बघत सांगितलं, "न्हाई चाललं, दादा."

त्याच संध्याकाळी लातूरकडची एक बाई चपात्या लाटायला आली. सोजरबाई ओसरीतल्या खाटेवर, आणि यशवंतराव स्वतः तिला पाण्याचा तांब्या नेऊन देऊ लागला. छबूबाई येऊन पट्टीवर बोटं ठेवून गेली. "माझ्यापरीस दोन बोटं जादाच हाय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच सोजरबाईच्या शेजारी बरोबरीनं बसली. पट्टीखालच्या चार भोकांची खपली कधीच धरून गळून गेली होती. दर रविवारी वर्षाली जायची आणि पट्टी नवी करून यायची.

तीन महिने पुरे व्हायच्या बेतात होते. ज्ञानेश वहिनीला बघून परत निघाला, तर मारुतीच्या देवळापाशी मालोजीअण्णानं हात करून थांबवलं. त्यांच्या मंडळींच्या मणक्याचं ऑपरेशन ठरत होतं.

"तुझं ते हत्यार कोनकोनत्या दवाखान्यात वापरत्यात रं?"

गावात आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. ज्ञानेशनं गाडी बंद केली आणि भोसरी, चिंचवड, वाकड अशी सहा दवाखान्यांची नावं सांगितली. मालोजीअण्णानं एकेक मोबाइलात टाइप करून घेतलं, दोनदा वाचून खात्री केली.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "तेवढे सहा सोडून बघतो."